जवळ असणे आणि जवळचा होणे

वाचकहो, मराठी भाषेत 'जवळ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. 'देऊळ घराजवळ आहे' असे म्हटले म्हणजे पावलांनी मोजण्याचे अंतर सांगितले जाते. 'तो माझ्या जवळचा आहे' असे म्हटले म्हणजे अंतराचा हिशेबच उरत नाही. मग तो मनुष्य नागपुरास असो की नैरोबीस. लग्नाची यादी करताना आपण सर्वजण हा भेद बिनचूक पाळतो. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याचे नाव राहून जाते आणि शंभर कोसांवरच्या मामेभावास पत्रिका आवर्जून जाते. दोन इतक्या निराळ्या गोष्टींना भाषेने एकच शब्द का ठेवला, हा प्रश्न आजवर पंडितांच्या फावल्या वेळेचा होता. आता तो ज्याच्या त्याच्या खिशात येऊन बसला आहे. म्हणून त्याचा विचार करणे प्राप्त आहे.

मोबाइल फोनवर अशा अनेक सोयी निघाल्या आहेत की, त्या उघडताच फोन सांगतो, 'तुमच्यापासून इतक्या अंतरावर अमुक मनुष्य आहे.' तो ओळखीचा असेल, ओळखीच्याचा ओळखीचा असेल, किंवा सर्वस्वी परकाही असेल. त्याचे नाव, चित्र आणि त्याने स्वतःविषयी लिहून ठेवलेले चार शब्द आपणांस दिसतात. आपले त्याला दिसतात. कोणी स्नेहासाठी, कोणी विवाहासाठी, कोणी गल्लीतील बातमीसाठी, तर कोणी संकटातील मदतीसाठी अशा सोयी काढल्या. परंतु सर्वांच्या मुळाशी विचार एकच: जे जागेने जवळ आहेत त्यांस एकमेकांची खबर दिली म्हणजे ते एकमेकांशी जोडले जातील. हा विचार खरा की खोटा, आणि खरा असेल तर कोठवर खरा, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

प्रथम हे यंत्र करते काय ते समजून घेऊ. पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले. फोन किमान चार उपग्रहांचे हे सांगणे ऐकतो, कोणाचा निरोप किती उशिराने पोचला ते ताडतो, आणि त्यावरून आपण कोठे आहोत ते काढतो. उपग्रहास आपला पत्ता मुळीच लागत नाही. तो घड्याळाच्या मनोऱ्यासारखा आहे. खालून कोण मान वर करून पाहतो हे मनोऱ्यास काय ठाऊक? अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या निरोपात सामान्य जनांकरिता मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती. त्यामुळे ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकण्यात आली आणि रस्ता, गल्ली ओळखण्याइतकी अचूकता सर्वांच्या हाती आली. मोबाइलचे टॉवर आणि वायफाय यांचीही या कामी मदत होते. यानंतरचे पाऊल मात्र फोनच टाकतो. काढलेले ठिकाण तो कंपनीच्या यंत्राकडे धाडतो. तेथे असंख्य लोकांची ठिकाणे ताडून पाहिली जातात आणि जे जवळ निघतील त्यांस एकमेकांची नावे कळविली जातात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. उपग्रह आकाशातून आपणांस पाहत नाही. आपला पत्ता आपल्याच हातातल्या फोनातून बाहेर जातो.

आता या विषयात आपल्या जुन्या शास्त्रास काही सांगावयाचे आहे काय? आहे. वैशेषिकांनी चोवीस गुण मोजले. त्यांत परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांब असणे आणि जवळ असणे, हे दोन गुण स्वतंत्र धरले. ते काळाने होतात तसे दिशेनेही होतात. थोरला भाऊ काळाने पर, धाकटा अपर. नदीपलीकडचे गाव दिशेने पर, अलीकडचे अपर. परंतु या मंडळींनी यात एक मोठी बारीक गोष्ट सांगून ठेवली आहे. दगडाचा रंग कोणी पाहो न पाहो, दगडातच असतो. जवळपणाचे तसे नाही. पाहणारा कोणी पाहिजे. 'याच्या मानाने तो लांब, त्याच्या मानाने हा जवळ' अशी त्याची बुद्धी झाली पाहिजे. तेव्हा तो गुण उपजतो आणि ती बुद्धी मावळली म्हणजे तोही मावळतो. या बुद्धीस ते अपेक्षाबुद्धि म्हणतात. याचा अर्थ असा की, ज्याची मला खबरच नाही तो माझ्या पाठीशी उभा असला तरी माझ्या दृष्टीने जवळ नाही.

हे नुसते तर्काचे बोलणे नव्हे. कॅलिफोर्नियातील सॅन रॅमन येथील अग्निशामक दलाचे प्रमुख रिचर्ड प्राइस एकदा सहकाऱ्यांबरोबर दुपारचे जेवण घेत होते. बाहेर बंबाचा भोंगा ऐकू आला आणि गाडी येऊन शेजारीच थांबली. तेथे एका माणसाचे हृदय बंद पडले होते. प्राइस यांना छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याची विद्या येत होती. विजेचा झटका देऊन हृदय सुरू करणारे यंत्रही त्यांच्या मोटारीत होते. मध्ये अंतर असे काही नव्हतेच. पण त्यांस खबर नव्हती, आणि अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. हाताशी असलेला मनुष्य हाताशी नसल्यासारखाच झाला. या प्रसंगातून पुढे २०११ साली 'पल्सपॉइंट' ही सोय निघाली. कोणाचे हृदय सार्वजनिक जागी बंद पडल्याची वर्दी आली की, जवळपास असलेल्या आणि ती विद्या शिकलेल्या लोकांच्या फोनवर तत्काळ हाक जाते.

येथपर्यंत पाहिले तर यंत्रवाल्यांचा पक्ष बळकट दिसतो. खबर नाही म्हणून जवळपण नाही. यंत्र खबर देते, म्हणून यंत्र जवळपण देते. यावर कोणी म्हणेल, 'मग वाद मिटला!' वाद मिटलेला नाही. खबर दिल्यावर काय झाले याचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास आपल्यापुढे आहे, तो आधी पाहू.

या गोष्टीची सुरुवात बहुधा कोणास वाटते त्याहून आधीची आहे. १९९८ साली जपानात 'लव्हगेटी' नावाचे मुठीत मावेल असे यंत्र विकावयास आले. पुरुषांचे निराळे, स्त्रियांचे निराळे. ते खिशात ठेवून चालावयाचे. सुमारे पाच मीटरांच्या आत समोरचे यंत्र आले आणि दोघांनी एकच इच्छा लावून ठेवलेली असली की दोन्ही वाजत. पुढे न्यूयॉर्कमध्ये डेनिस क्राउली यांनी सोबत्यांसह 'डॉजबॉल' काढले. आपण कोठे बसलो आहोत ते साध्या निरोपाने कळवावे. म्हणजे आसपासच्या दहा गल्ल्यांत असलेल्या मित्रांस, आणि मित्रांच्या मित्रांसही, कळे. २००५ साली गूगलने ते विकत घेतले आणि २००९ साली बंद केले. त्याच साली क्राउली यांनी नवीन सेल्वादुराई यांच्यासह 'फोरस्क्वेअर' काढले. त्यात दुकानात, उपाहारगृहात, बागेत गेल्यावर 'मी येथे आलो' अशी नोंद करावयाची, आणि मागील साठ दिवसांत ज्याने सर्वांत अधिक दिवस नोंद केली तो त्या जागेचा 'मेयर', म्हणजे नगराध्यक्ष! चार वर्षे याचे मोठे वेड होते. २०१४ साली कंपनीने नोंदीचा भाग 'स्वार्म' म्हणून निराळा काढला, आणि जागा शोधून देण्याचे जे मूळ नावाचे ॲप राहिले ते २०२४ च्या डिसेंबरात बंद झाले. २०१२ साली 'हायलाइट' नावाचे ॲप गाजले. ते तर आणखी पुढे गेले: तुम्ही काही करू नका, फोन खिशात असू द्या, तुमच्यासारख्या आवडीचा परका मनुष्य जवळून गेला की आम्हीच सांगू. तेही टिकले नाही.

ही सर्व मंडळी बुद्धिमान होती, पैसा होता, यंत्र बिनचूक होते. मग असे का व्हावे? लोकांस खबर मिळाली; पण खबर मिळून पुढे करावयाचे काय, हे कळेना. 'तुझ्यापासून तीस पावलांवर एकजण आहे, त्यालाही तुझ्याप्रमाणे जुनी गाणी आवडतात.' बरे, असेना का! उठून त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहावे आणि म्हणावे काय? आणि जागेचा मेयर होण्याच्या खेळात तर त्या जागी बसलेल्या माणसाकडे पाहण्याचेही कारण उरले नाही. जागा माझी, एवढीच गोडी.

याचे उत्तर आम्हांस व्याकरण आणि न्याय शिकताना भेटलेल्या एका साध्या नियमात सापडते. शब्द पुष्कळ आहेत. त्यांचे वाक्य केव्हा होते? अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त याची तीन कारणे सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. सन्निधि म्हणजे शब्द एकापाठोपाठ, जवळजवळ उच्चारले पाहिजेत. 'गाय' हा शब्द सकाळी म्हटला आणि 'आण' हा तिसऱ्या प्रहरी म्हटला, तर कोणी गाय आणणार नाही. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्यावाचून अपुरेपणा वाटला पाहिजे. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे चार शब्द अगदी एका श्वासात म्हणा; सन्निधि पुरेपूर आहे, पण वाक्य नाही, कारण कोणासच कोणाची गरज नाही. योग्यता म्हणजे एकाचा अर्थ दुसऱ्यास बाधू नये. 'विस्तवाने झाडे शिंप' यात शब्द जवळ आहेत, एकमेकांची वाटही पाहतात, पण विस्तवाने शिंपणे होत नाही, झाडे जळतात.

माणसांचेही असेच आहे, असे आमचे म्हणणे आहे. यंत्राने दिला तो सन्निधि. आकांक्षा आणि योग्यता त्याने दिली नाही, आणि देणे त्याच्या हाती नाही. म्हणून बाजारात, आगगाडीत आणि आता फोनच्या पडद्यावर 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे आपण सारे ओळीने उभे असतो आणि वाक्य होत नाही.

मीटरांच्या आकड्यास स्वतःचा असा काही रंग नसतो, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०२० साली महामारीच्या दिवसांत २ एप्रिलला 'आरोग्य सेतु' निघाले. ब्लूटूथने आणि ठिकाणावरून ते जवळपणाच मोजत होते, आणि आपल्या आसपास ५०० मीटरांत, एका किलोमीटरात किती आजारी आहेत ते सांगत होते. तेच मोजमाप, तोच फोन. एरवी ज्या आकड्याने भेटीची उत्कंठा वाटावी, त्याच आकड्याने त्या दिवसांत छातीत धडकी भरे. आकडा बदलला नव्हता. आकांक्षा आणि योग्यता बदलल्या होत्या.

आता योग्यता नसताना सन्निधि झाला तर काय होते ते पाहू. या प्रश्नात कोणाच्या अब्रूचा आणि जिवाचाही सवाल असतो. २०१२ साली रशियातील एका कंपनीचे 'गर्ल्स अराउंड मी' नावाचे ॲप उघडकीस आले. फोरस्क्वेअरवरच्या नोंदी आणि फेसबुकवरची उघडी माहिती एकत्र करून ते नकाशावर दाखवी की, या क्षणी तुमच्या आसपास कोणत्या स्त्रिया आहेत, त्यांची चित्रे कोणती आणि त्या कोठे बसल्या आहेत. त्या स्त्रियांस याचा पत्ताही नव्हता. बोभाटा झाल्यावर फोरस्क्वेअरने आपली माहिती देणे थांबविले आणि ते ॲप मागे घेण्यात आले. येथे पाहणारा जवळ आला, पण पाहिली जाणारी जवळ आली नाही. एकाच बाजूने असलेल्या अशा जवळपणास आम्ही जवळपण म्हणत नाही, पाळत म्हणतो.

दुसरे उदाहरण टिंडरचे. २०१२ साली निघालेली ही ओळखीची सोय समोरचा किती अंतरावर आहे एवढेच सांगे, कोठे आहे ते सांगत नसे. पण ते अंतर पडद्यामागे इतक्या बारीक आकड्यांत दिले जात होते की, तीन निरनिराळ्या जागांहून तीन अंतरे घेतली आणि कंपासाने तीन वर्तुळे काढली की, ती जेथे छेदतील ते त्या माणसाचे घर. हे व्यंग सुरक्षेच्या अभ्यासकांनी २०१३ साली कंपनीस कळविले आणि पुढे ते दुरुस्त झाले. पुरुषांनी पुरुषांस शोधण्याकरिता २००९ साली निघालेल्या ग्राइंडरमध्येही अंतर असेच दिसे. ज्या देशांत अशा माणसांस धरपकड आणि मारहाण सोसावी लागते, तेथे या अंतराचा उपयोग त्यांना हुडकून काढण्यास होऊ शकतो, अशी भीती उभी राहिली. तेव्हा २०१४ साली कंपनीला इजिप्तसारख्या देशांत अंतर दाखविणे बंद करावे लागले. दुसऱ्याच्या राहणीविषयी वाचकांचे मत काहीही असो. माणसाने आधाराकरिता जवळचा शोधावा आणि त्याच अंतराच्या आकड्याने त्याच्या दारी वैरी यावा, हे कोणत्याही विचाराच्या माणसास भले वाटणार नाही. विस्तवाने शिंपणे म्हणतात ते हेच.

तिसरे उदाहरण वैऱ्याचे नव्हे, चांगल्या घरच्या शेजाऱ्यांचे आहे, आणि म्हणून आम्हांस ते अधिक विचार करण्याजोगे वाटते. 'नेक्स्टडोअर' ही सोय २०११ साली अमेरिकेत निघाली. एका वस्तीतले लोक, पत्त्याची खात्री पटवून, आपापसांत बोलू लागले. हरवलेले मांजर, जुने कपाट, चांगला सुतार, अशा गोष्टींची देवघेव सुरू झाली. येथे आकांक्षा खरी होती, म्हणून ती टिकली. परंतु ओकलंड शहरात २०१५ साली तक्रार उठली की, 'संशयित मनुष्य दिसला' अशा ज्या नोंदी शेजारी करतात त्यांतील कित्येकांत संशयाचे कारण एवढेच असते की तो मनुष्य कृष्णवर्णीय आहे. आपल्याच गल्लीतून घरी चाललेला मनुष्य शेजाऱ्यांच्या फोनवर चोर ठरे. शेजारधर्माकरिता काढलेल्या सोयीने शेजाऱ्यासच परका केले! २०१६ साली कंपनीने नोंदीची रीत बदलली. वर्ण लिहावयाचा तर अंगावरचे कपडे, पायांतले जोडे, केस, अशा आणखी खुणाही लिहा. आणि तो मनुष्य नेमके काय करीत होता तेही सांगा. याने वर्णावरून केलेल्या नोंदी ७५ टक्क्यांनी घटल्या असे कंपनीने सांगितले. वाचकहो, यातले मर्म पाहा. लिहिणारे तेच होते, गल्ली तीच होती. त्यांस फक्त दुसऱ्यांदा पाहावयास लावले. पुष्कळांपाशी लिहिण्याजोगे काही निघालेच नाही, कारण त्यांनी माणूस पाहिलाच नव्हता, रंग पाहिला होता. दुसऱ्यास नीट पाहणे ही योग्यतेची पहिली पायरी आहे.

येथे एक शंका येते, ती आम्ही टाळणार नाही. एका शहरात कीर्तन आटोपल्यावर एक तरुण मागे राहिला. म्हणाला, 'बुवा, मी नोकरीसाठी येथे आलो. इमारतीत शंभर बिऱ्हाडे आहेत, पण जिन्यात कोणी तोंड उघडत नाही. गावी शेजार आपोआप मिळत होता. येथे फोनवर जवळपासच्या चार माणसांशी बोलतो, दोघांशी ओळख झाली, रविवारी आम्ही टेकडीवर जातो. हे वाईट कसे?' अहो, हे वाईट मुळीच नाही! त्याला सोबतीची आकांक्षा होती, समोरच्यालाही होती. दोघे उघडपणे भेटले, दोघांनी एकमेकांस पारखले. तिन्ही कारणे जुळली आणि वाक्य झाले. जे लोक अशा पोरांस 'फोनात डोके घालून बसतात' म्हणून हिणवतात, त्यांनी आधी आपल्या जिन्यात त्यास 'जेवलास का' म्हणून किती वेळा विचारले ते सांगावे. गावचा शेजारही आपोआप मिळत नव्हता. पीठ मागणे, विहिरीवर दोर देणे, बाळंतिणीस रात्री सोबत करणे, अशा रोजच्या गरजांनी तो विणलेला असे. गरजा बाजाराने भागविल्या आणि वीण सुटली. अंतर वाढलेले नाही; उलट पूर्वीच्या वाड्यांहून आजची घरे अधिक चिकटून आहेत. उणे झाली ती आकांक्षा.

म्हणून आकांक्षा या शब्दाचा खरा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. ती हाव नव्हे. तर्कशास्त्रात आकांक्षा म्हणजे 'मी एकटा अर्थ देण्यास पुरा नाही' हे शब्दाचे अपुरेपण. माणसाच्या ठिकाणी ती आपले उणे ओळखणे होय. ज्यास वाटते की माझे कोणावाचून अडत नाही, त्याच्या फोनवर हजार जवळची माणसे उमटली तरी ती चित्रेच राहणार. आणि ज्यास केवळ घ्यावयाचे आहे, द्यावयाचे नाही, त्याची ती आकांक्षा नव्हे, भूक आहे. तिच्यापासून समोरच्याने सावधच राहिले पाहिजे.

तिन्ही कारणे एकत्र आली म्हणजे काय घडते याचे एक मोजून पाहिलेले उदाहरण स्वीडन देशातले आहे. स्टॉकहोम येथे एप्रिल २०१२ ते डिसेंबर २०१३ या काळात वैद्यांनी एक प्रयोग केला. छाती दाबण्याची विद्या शिकलेल्या स्वयंसेवकांची नावे त्यांनी नोंदली. अखेरीस ती ९,८२८ झाली. कोणाचे हृदय बंद पडल्याची वर्दी आली की, ५०० मीटरांच्या आत असलेले स्वयंसेवक फोनवरून शोधावयाचे. निम्म्या वेळा त्यांस हाक द्यावयाची, निम्म्या वेळा द्यावयाची नाही, म्हणजे हाकेचा गुण किती ते कळेल. असे ६६७ रोगी पाहिले. हाक दिली तेथे शेकडा ६२ जणांस रुग्णवाहिका येण्यापूर्वी कोणाचे तरी हात लागले. न दिली तेथे शेकडा ४८ जणांस. जिवंत राहणाऱ्यांच्या संख्येत मात्र निश्चित म्हणावा असा फरक त्या प्रयोगात दिसला नाही, आणि ते त्यांनी लपविले नाही. तरीही आम्ही या आकड्यांपुढे मान लववितो. पडलेल्याची आकांक्षा पराकाष्ठेची, कारण तो स्वतः काही मागूही शकत नाही. धावणाऱ्याची योग्यता आधीच कष्टाने मिळविलेली. त्याने आपले नाव आणि ठिकाण आपण होऊन दिलेले. अशा जागी यंत्राने सन्निधि जोडून दिला आणि ज्याचे नावही ठाऊक नाही असा मनुष्य काही मिनिटे सोयऱ्याहून सोयरा झाला.

तात्पर्य, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे निघते. जवळपणाची खबर ही खरोखर मोठी गोष्ट आहे. तीवाचून हाताशी असलेला उपयोगी पडत नाही, हे वैशेषिकांनीही सांगितले आणि सॅन रॅमनच्या प्रसंगानेही. परंतु खबर हे तीन कारणांतले एक कारण होय. ज्यांनी त्यासच सर्वस्व मानले त्यांची दुकाने बंद झाली, आणि जेथे योग्यतेवाचून ते वापरले गेले तेथे माणसांचे हाल झाले. भाषेने 'जवळ' हा एकच शब्द ठेवला त्याचेही कारण आता आम्हांस दिसते. जागेने जवळ असणे ही संधी, आणि जवळचा होणे हे त्या संधीचे सार्थक. शब्द वाट दाखवितो; चालणे आपणांकडे आहे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. वाचकांपैकी अनेकांच्या मुलानातवंडांच्या फोनात अशी सोय असेल. त्यांच्यावर डोळे वटारू नयेत. त्यांस तीन प्रश्न विचारावेत. ज्याची खबर तुला मिळते त्याला तुझ्या पाहण्याची खबर आहे काय? त्याचे काही अडले तर तू जाशील काय? तुझे ठिकाण कोणाकोणास, किती वेळ दिसते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांस ठाऊकच नसते. ते फोन उघडून तेथल्या तेथे पाहून घ्यावे. आपला पत्ता आपल्याच फोनातून जातो हे वर सांगितले. म्हणून देणे आणि आवरणे या दोन्हींची चावी बऱ्याच अंशी आपल्यापाशी आहे.

वारीत हाच फोन किती उपयोगी पडतो हे आपण जाणतो. म्हातारी आई दिंडीत चालते आणि मुलगा घरून तिची वाटचाल पाहतो. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून आपले चालते ठिकाण पाठविता येते, आणि त्यास मुदत घालावी लागते: पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास. ही मुदत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. विश्वासाने द्यावे, कामापुरते द्यावे, आणि काम झाले की ते आपोआप मिटावे. गर्दीत चुकामूक होण्याचे भय असेल त्या दिवशी आठ तास द्या. घरी पोचल्यावर चालू ठेवण्याचे कारण नाही.

शेवटची गोष्ट योग्यतेची. स्टॉकहोमच्या त्या लोकांपाशी आपणांपेक्षा अधिक असे होते काय? छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, जोराने दाबावयाचे, ही विद्या. ती एका दुपारी शिकता येते आणि तीस वय किंवा शिक्षण आडवे येत नाही. हजारो माणसे उन्हापावसात खांद्यास खांदा लावून चालतात तेथे हृदय बंद पडण्याचा प्रसंग कधीही येऊ शकतो, आणि तेथे सन्निधीस तोटा नाही. प्रत्येक दिंडीतल्या चार-सहा जणांनी जवळच्या रुग्णालयात जाऊन कोणा जाणत्या डॉक्टरांकडून ही विद्या शिकून घ्यावी, आणि कोण शिकले आहेत ते दिंडीतल्या सर्वांस माहीत करून ठेवावे, एवढी आमची विनंती आहे.